श्रीखंडाच्या डब्यातलं सर्किट

सबमिशनला बारा दिवस राहिलेत. ब्रेडबोर्डवर सर्किट चालतंय. म्हणजे काल रात्रीपर्यंत चालत होतं. आज सकाळी कॉलेजला नेताना पीएमटीत कुणाच्या तरी सॅकचा धक्का लागला आणि आता एलईडी लागायचं नाव घेत नाही. तीस-पस्तीस वायरींपैकी नेमकी कुठली सुटली, देव जाणे. ग्रुपमधली एक म्हणते, ‘झीरो पीसीबीवर सोल्डर करून टाकू.’ दुसरा म्हणतो, ‘लेआऊट ऑनलाइन पाठवू, पण बोर्ड हातात यायला आठ-दहा दिवस लागतील.’ तिसरा, जो एरवी सगळ्यात कमी बोलतो, तो हळूच पुडी सोडतो, ‘एक जण ओळखीचा आहे. रेडीमेड प्रोजेक्ट देतो. रिपोर्टसकट.’

इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना हा सीन नवा नाही. रेडीमेड घेणारे पास होत नाहीत का? होतात की! पण व्हायवाला एखादा खडूस एक्स्टर्नल बोर्ड उलटा करतो, एका ट्रॅकवर पेन ठेवतो आणि विचारतो, ‘हा एवढा जाड का ठेवलाय?’ मग चौघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. ज्यानं तो ट्रॅक काढला तो माणूस त्या खोलीत नसतोच.

चौथा पर्याय सहसा कुणी काढत नाही. बोर्ड घरीच करायचा. लेझर प्रिंटची शाई इस्त्रीने तांब्यावर उतरवायची आणि उरलेलं तांबं रसायनात विरघळवायचं. याला टोनर ट्रान्सफर म्हणतात. जमलं तर एका दुपारचं काम. नाही जमलं तर दोन दुपारचं. आणि पुण्यात असाल तर यासाठी लागणारं झाडून सगळं सामान मंडईच्या आसपास पायी फिरून मिळतं.

तपकीर नाही, ट्रान्झिस्टर

मेट्रोने या. सप्टेंबर २०२४ पासून मंडईला जमिनीखाली स्टेशन आहे, गाडी कुठे लावायची हा प्रश्न मिटला. वर आलात की अष्टकोनी मनोऱ्याची ती दगडी इमारत दिसेल. १८८६ मध्ये उघडली तेव्हा तिचं नाव रे मार्केट होतं, गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून. नगरपालिकेत सभासद असताना जोतिरावांनी या बांधकामाच्या खर्चाला विरोध केला होता, तो पैसा शिक्षणावर लावा म्हणून. पुढे मंडईला नाव मिळालं ते त्यांचंच.

मंडईत आपल्याला तीन गोष्टी घ्यायच्यात : थोडी चिंच, थोडं मीठ आणि वाण्याकडून पावशेर धुण्याचा सोडा. हसू नका, तिन्ही लागणार आहेत. तिथून बुधवार पेठेच्या दिशेने निघालं की दहाएक मिनिटांत तपकीर गल्ली. नाव तपकिरीचं आणि माल रेझिस्टर, कपॅसिटर, आयसी, सोल्डरिंग गन, स्पीकरचे कोन यांचा. पासोड्या विठोबाच्या आसपासच्या या दुकानांनी पुण्यातल्या इंजिनीअरिंगच्या किती बॅचेस पास केल्या असतील, याची गणती नाही. इथे ‘कॉपर क्लॅड’ मागायचं. दुकानदार विचारेल, ‘साधा देऊ का ग्लास इपॉक्सी?’ साधा तपकिरी असतो, कागद आणि बेकेलाइटसारख्या रेझिनचा. ग्लास इपॉक्सी हिरवट-पिवळसर, काचेच्या धाग्यांचा. पहिल्या प्रयोगाला साधा बरा. स्वस्त असतो, छिद्रं पटकन पडतात आणि ड्रिल बिट लवकर बोथट होत नाही. मात्र जास्त उष्णतेने फुगतो, म्हणून इस्त्री दाबून धरताना जरा भान ठेवायचं.

याच फेरीत फेरिक क्लोराइड, ०.८ आणि १ मिलिमीटरचे ड्रिल बिट, हाताने फिरवायचं छोटं ड्रिल आणि एक काळा परमनंट मार्कर घेऊन टाका. हातमोजे आणि गॉगलही घ्या. ‘नंतर बघू’वाल्या गोष्टी नंतर कधीच येत नाहीत.

पहिलं सर्किट कुठलं करायचं? माझं मत विचाराल तर ५५५ टायमरचा फ्लॅशर. एक आठ पायांची आयसी, दोन-तीन रेझिस्टर, दोन कपॅसिटर, एक एलईडी, नऊ व्होल्टची बॅटरी. आर-वन १ किलोओहम, आर-टू ४७ किलोओहम आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला, तर दिवा सेकंदाला साधारण दीड वेळा लुकलुकतो. सर्किट इतकं साधं की चाललं नाही तर दोष बोर्डाचाच, हे लगेच कळतं. आणि घरी केलेल्या बोर्डावर २३० व्होल्ट आणायचे नाहीत. यात चर्चेला जागा नाही.

उलटं-सुलटं

पीसीबी डिझाइन करायला कीकॅड नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ते कसं वापरायचं ते इथे लिहीत बसत नाही, त्याचे शेकडो व्हिडीओ आहेत. पण ज्या एका ठिकाणी जवळपास प्रत्येक जण पहिल्यांदा आपटतो, तिथे जरा थांबू.

एका बाजूने तांबं असलेल्या बोर्डावर पार्ट वरून बसतात आणि तांबं खाली असतं. सॉफ्टवेअर तुम्हाला खालचं तांबं दाखवतं ते वरून, बोर्ड जणू काचेचा आहे असं समजून. आता हे चित्र कागदावर छापलं आणि तो कागद तांब्यावर पालथा घालून इस्त्री फिरवली, की चित्र एकदा उलटतं. रबरी शिक्क्यासारखं. आपल्याला तांब्याकडून बघताना जे उलटलेलं चित्र हवं असतं, नेमकं तेच मिळतं. म्हणजे खालच्या बाजूचा लेयर छापताना ‘मिरर’चा चौकोन रिकामा ठेवायचा.

हे वाचताना सोपं वाटतं. रात्री साडेअकराला प्रिंटचं सेटिंग करताना मेंदू सांगतो, ‘अरे, छापल्यावर उलटं होणार ना, मग मिरर कर!’ आणि आपण करतो. मीही केलं होतं. बोर्ड सुंदर झाला, ट्रॅक कसे तलवारीसारखे. आयसी बसवायला घेतली तेव्हा लक्षात आलं, एक नंबरची पिन जिथे हवी तिथे आठ नंबरची आलीये. अख्खी आयसीच आरशात गेलेली. असा बोर्ड टाकून द्यायची मात्र गरज नसते. पार्ट तांब्याच्याच बाजूने बसवून तिथेच सोल्डर केले, तर उलट्याचं पुन्हा सुलट होतं. दिसतं गबाळं, पण चालतं.

यावर एक सोपी युक्ती आहे. खालच्या लेयरवर एका कोपऱ्यात स्वतःच्या नावाचं आद्याक्षर टाका, देवनागरीत. ‘क’ किंवा ‘र’सारखं, उलटं झालं की चटकन डोळ्यात भरणारं. सॉफ्टवेअरमध्ये ते त्या लेयरच्या नियमाने उलटंच दिसेल, दिसू द्या. छापलेल्या कागदावर अक्षर उलटं हवं आणि तांब्यावर सुलटं. कागदावर सुलटं दिसलं तर तिथेच थांबा, इस्त्री गरम करू नका.

जुन्या छापखान्यांत खिळे जुळवणारे कंपोझिटर आयुष्यभर अक्षरं उलटी वाचायचे, तीही भराभर. आपल्याला एकच अक्षर ओळखायचंय.

दुसरी ठेच मापाची. प्रिंटच्या खिडकीत ‘फिट टू पेज’ नावाचा एक भलताच मदतीला येणारा पर्याय असतो. तो चित्र गपचूप ९७ टक्क्यांवर आणतो. आठ पायांच्या आयसीला तेवढ्याने काही बिघडत नाही, ती बसते. पण चाळीस पायांचा मायक्रोकंट्रोलर घ्या. एका रांगेत वीस पाय, मध्ये एकोणीस फटी, प्रत्येक २.५४ मिलिमीटरची, म्हणजे एकूण ४८.२६ मिलिमीटर. त्याचे तीन टक्के झाले जवळपास दीड मिलिमीटर. पहिला पाय भोकात बसतो आणि विसावा पाय शेजाऱ्याच्या दारात जाऊन उभा राहतो. म्हणून आधी साध्या कागदावर १०० टक्क्यांनी छापायचं आणि खरी आयसी त्यावर टेकवून बघायची. टोचून बघितली तर आणखी उत्तम.

ट्रॅकची जाडी पहिल्या खेपेला एक मिलिमीटर ठेवा. सप्लाय आणि ग्राउंडचे ट्रॅक त्याहून जाड, कारण त्यांतून जास्त करंट जातो आणि अरुंद पट्टी जास्त तापते. बघा, एक्स्टर्नलच्या प्रश्नाचं उत्तर वाटेत सापडलं.

झेरॉक्सवाले काका आणि दोन भाड्याच्या खोल्या

आता प्रिंट. इंकजेट चालत नाही, लेझरच हवा. कारण लेझर प्रिंटरची शाई ही शाईच नसते. ती असते प्लास्टिकची बारीक पूड, काजळीने काळी केलेली. प्रिंटर ती कागदावर बसवून गरम रुळाखाली वितळवतो. प्लास्टिक आहे म्हणूनच ते इस्त्रीने पुन्हा वितळतं, तांब्याला चिकटतं आणि त्याच्याखालच्या तांब्याला रसायनापासून वाचवतं. सगळी गंमत या एका गोष्टीत आहे.

कागद हवा गुळगुळीत. टोनर त्यावर बसला पाहिजे, पण त्यात मुरता कामा नये. जुन्या चकचकीत मासिकाचं पान मस्त चालतं, त्यावर आधीपासून छापलेलं असलं तरी फरक पडत नाही. इंकजेटसाठीचा प्लास्टिकचा थर असलेला फोटो पेपर मात्र लेझर प्रिंटरमध्ये कधीच घालू नका, तो आतल्या गरम रुळाला चिकटू शकतो.

आणि इथे गाठ पडते झेरॉक्सवाल्या काकांशी. तुम्ही मासिकाचं फाडलेलं पान पुढे करता. काका चष्म्यावरून बघतात. ‘हे काय आहे?’ ‘काका, प्रोजेक्ट आहे.’ ‘मशीन अडकलं तर भरून देणारेस का?’ वाद घालू नका, त्यांचं बरोबर आहे. पानाच्या कडा सरळ कापलेल्या हव्यात, कुठे घडी नको, स्टेपलची पिन नको. आणि दुपारी गर्दी नसताना जा. टोनर-सेव्ह बंद करून सगळ्यात गडद प्रिंट मागा. फिक्या प्रिंटमधून पुढे ट्रॅकला टाचणीएवढी भोकं पडतात.

काकांच्या दुकानावरचा ‘झेरॉक्स’ हा शब्द ज्याच्यामुळे आला, त्या चेस्टर कार्लसनची गोष्ट इथे सांगायलाच हवी. अमेरिकेत एका कंपनीच्या पेटंट विभागात तो नोकरीला होता. कागदपत्रांच्या नकला करून करून वैतागला होता. घरच्या स्वयंपाकघरात गंधकाचे प्रयोग करायचा, पुढे न्यूयॉर्कच्या ॲस्टोरिया भागात एक खोली भाड्याने घेतली. २२ ऑक्टोबर १९३८ ला गंधक चढवलेल्या जस्ताच्या पत्र्यावर स्थिर विजेने पूड चिकटवून त्याने पहिली नक्कल काढली. नकलेवर मजकूर काय, तर ती तारीख आणि ‘ॲस्टोरिया’. वीसहून जास्त कंपन्यांनी त्याला नकार दिला. झेरॉक्स ९१४ हे मशीन आलं थेट १९५९ मध्ये.

त्याच सुमाराला, १९३६ मध्ये, व्हिएन्नाहून लंडनला आलेला पाउल आयस्लर नावाचा इंजिनीअर भाड्याच्या खोलीत एक रेडिओ जोडत होता. तेव्हा रेडिओच्या पोटात वायरींचं जंजाळ असायचं आणि एकेक वायर हाताने जोडावी लागायची. आयस्लरने व्हिएन्नात रेडिओवरच्या नियतकालिकासाठी काम केलं होतं, त्यामुळे छपाई त्याने जवळून पाहिली होती. त्याच्या मनात आलं, वायरी जोडायच्या कशाला? छापू या की! पातळ तांब्यावर नको तिथलं तांबं ॲसिडने खाऊन टाकायचं, वर्तमानपत्रांत चित्रांचे ब्लॉक तसेच तर करतात. एका मोठ्या ब्रिटिश कंपनीने त्याला परत पाठवलं. कारण ऐका : हे जोडकाम करणाऱ्या मुली स्वस्त पडतात. पुढे युद्धात तोफगोळ्यांच्या फ्यूजमध्ये छापील सर्किटं वापरली गेली आणि १९४८ मध्ये अमेरिकेने हे तंत्र व्यापारी वापरासाठी खुलं केलं.

म्हणजे मासिकाच्या पानावरची ती काळी नक्षी तांब्यावर दाबताना तुम्ही दोन नाकारलेल्या माणसांचे शोध एकावर एक ठेवून इस्त्री करत असता.

चिंच, मग इस्त्री

तांबं बाजारातून येतं तेव्हा त्याच्यावर डाग असतात, बोटांचं तेल असतं. त्यावर टोनर धरत नाही. देवघरातला तांब्या आजी कशाने घासते? चिंच आणि मीठ. इथेही तेच. चिंचेतलं आम्ल वरचा काळपट थर काढतं आणि आतलं गुलाबी तांबं उघडं पडतं. मग भांड्याच्या हिरव्या घासणीने एकदा उभं, एकदा आडवं हलकं घासून घ्या. त्या बारीक ओरखड्यांना टोनर घट्ट पकडतो. साबणाने धुवा, पुसा आणि त्यानंतर पृष्ठभागाला बोट लावू नका. बोर्ड कडेने धरायचा, जुन्या काळी फोटोची निगेटिव्ह धरायचे तसा.

इस्त्री ‘कॉटन’वर, वाफ बंद. खाली लाकडी फळी किंवा जाड पुठ्ठा, डायनिंग टेबलची काच नको. बोर्ड आधी अर्धा मिनिट तापवून घ्यायचा, मग कागद पालथा ठेवायचा आणि इस्त्रीचं सगळं वजन देऊन अर्धा-पाऊण मिनिट तशीच दाबून धरायची. पहिल्या क्षणी सरकवली तर नक्षी फराटते. एकदा चिकटलं की मग इस्त्रीच्या टोकाने कडा आणि कोपरे सावकाश दाबत फिरायचं, एकूण चार-पाच मिनिटं. कोपरे नेहमी राहून जातात. कागदाच्या पाठीवर ट्रॅक अंधूक उमटलेले दिसायला लागले की समजा झालं. आणि मधे एखादा साधा कागद ठेवायला विसरू नका, नाहीतर इस्त्रीच्या तळाला लागलेलं काळं पुढच्या पांढऱ्या शर्टावर उमटतं. मग घरात जे होतं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बोर्ड गार होऊ द्या आणि पंधरा-वीस मिनिटं पाण्यात सोडा. कागद भिजून लगदा होतो. ओढायचा नाही, अंगठ्याने गोल गोल चोळून काढायचा. ट्रॅकवर थोडा पांढरा कागद राहिला तरी चालेल. दोन ट्रॅकच्या मधे मात्र एक तूससुद्धा नको, कारण त्याखालचं तांबं विरघळणार नाही आणि तिथे शॉर्ट राहील. जुना टूथब्रश कामी येतो.

आता जे दिसतं ते नीट वाचा. टोनर ठिकठिकाणी कागदाबरोबर निघून आला असेल, तर उष्णता कमी पडली किंवा तांबं तेलकट होतं. ट्रॅक पसरून एकमेकांना भिडले असतील, तर दाब किंवा वेळ जास्त झाला. एखाद-दुसरी तुटलेली जागा मार्करने जोडता येते, भिडलेले ट्रॅक ब्लेडच्या टोकाने वेगळे करता येतात. पण चार-पाचपेक्षा जास्त ठिगळं लागणार असतील तर ॲसिटोनने सगळं पुसा आणि पुन्हा करा. वीस मिनिटांचा प्रश्न आहे. ठिगळ लावलेल्या बोर्डावर दोष शोधण्यात अख्खी रात्र जाते.

एक ग्रॅम तांबं

आता श्रीखंडाचा डबा. प्लास्टिकचा, रिकामा, आणि यापुढे कायम याच कामाचा. स्टीलचं पातेलं घेऊ नका, फेरिक क्लोराइड स्टीललाही सोडत नाही. बेसिन, नळ, फरशी सगळ्यांपासून लांब, गॅलरीत किंवा गच्चीत, खाली जुनी वर्तमानपत्रं पसरून बसा. (हे पान वाचून झाल्यावर घ्या.) हातमोजे, गॉगल घालून पाण्यात पूड टाकायची, तीही थोडी थोडी. पुडीवर पाणी ओतायचं नाही. निर्जल पूड पाण्यात पडली की पाणी चटका बसेल इतकं तापतं आणि नाकाला झोंबणारी वाफ येते. कपड्यावर पडलेला पिवळा डाग जन्मभर साथ देतो.

युट्यूबवर बाथरूम साफ करायचं ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळायची ‘फास्ट’ पद्धत दिसेल. घरात ती करू नका. त्यातून क्लोरीन सुटू शकतो.

द्रावण कोऱ्या चहाच्या रंगाचं दिसतं. डबा गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवला तर काम लवकर होतं. बोर्ड आत सोडा आणि डबा हलकेच झोके देत राहा. आधी काही होत नाही. मग कडेचं तांबं मंद गुलाबी होतं आणि कडेकडून आत हटायला लागतं. दहा मिनिटं ते अर्धा तास. हा भाग मला सगळ्यात आवडतो, मोबाइल बाजूला ठेवून बघत बसावं असा. शेवटचा ठिपका गेला की लगेच बाहेर काढायचं. जास्त वेळ ठेवलं तर रसायन टोनरच्या कडेखाली शिरून ट्रॅक आतून कुरतडतं.

बोर्ड तयार झाला. आणि डब्यात काय राहिलं? बहुतेक व्हिडीओ इथे दुसऱ्या शॉटवर जातात.

थोडं गणित करू. बोर्डावरचा तांब्याचा थर सहसा ३५ मायक्रॉनचा असतो. दहा बाय पाच सेंटिमीटरच्या बोर्डावर दीड ग्रॅमच्या आसपास तांबं बसतं. त्यातलं दोन तृतीयांश विरघळलं असं धरा, म्हणजे डब्यात एक ग्रॅम तांबं. चिमूटभर! पण भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात तांब्याची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. एक ग्रॅम तांबं वीस हजार लिटर पाण्याला त्या रेषेपर्यंत नेतं. सोसायटीत दहा हजार लिटरचे टँकर येतात ना, तसे दोन टँकर. माणसापेक्षा मासे आणि पाण्यातले बारीक जीव तांब्याला जास्त लवकर बळी पडतात. सांडपाणी शुद्ध करणारे जिवाणूही त्यातलेच. मंडईपासून मुठा किती लांब आहे? चालत गेलात तर घाम यायच्या आत पोहोचाल. गटारातून तर त्याहून लवकर.

म्हणून तो डबा मोरीत उलटा करायचा नाही. एकदा वापरलेलं द्रावण संपत नसतं. एक ग्रॅम तांब्याला फेरिक क्लोराइड लागतं जेमतेम पाच ग्रॅम, तेव्हा तेच द्रावण बोर्डामागून बोर्डाला चालतं. ते हिरवट पडलं आणि काम फार रेंगाळायला लागलं की बदलायचं. शेवटी वाण्याकडचा धुण्याचा सोडा काढायचा आणि तो चिमटीचिमटीने घालायचा, कारण फसफसून वर येतं. फेस यायचा थांबला की चिखलासारखा गाळ तळाशी बसतो, तांबं आणि लोखंड त्यात उतरतं. हा गाळ बाटलीत भरून, चिठ्ठी लावून, कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये न्यायचा. लॅबच्या घातक कचऱ्यात तो जायला हवा. ‘आमच्याकडे तशी सोय नाही’ असं उत्तर आलं तर सोय का नाही, हे विचारा. प्रोजेक्ट ग्रुपमधले चौघं विचारायला गेले तर उत्तर जरा वेगळं येतं.

आणखी एक गोष्ट डिझाइन करतानाच करता येते. मोकळी राहिलेली सगळी जागा ग्राउंडच्या तांब्याने भरून टाका. कमी तांबं विरघळतं, द्रावण जास्त पुरतं आणि सर्किटमधला नॉइजही कमी होतो.

मग ऑर्डर करायचंच नाही का?

करायचं की. दोन बाजूंचा बोर्ड, केसासारखे बारीक ट्रॅक, मोबाइलमध्ये असतात तशा मुंगीएवढ्या चिप्स, हे घरच्या इस्त्रीचं काम नाही. एकाच डिझाइनचे पाच-दहा बोर्ड हवे असतील तर बाहेरून करून घेतलेलेच स्वस्त पडतात, आणि त्यांवर हिरवा थर, छापलेली अक्षरं, आतून तांबं चढवलेली छिद्रं असा सगळा थाट असतो. ‘घरी केलं की पैसे वाचतात’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ड्रिल, बिट, रसायन, फुकट गेलेले दोन क्लॅड आणि आईला घेऊन दिलेली नवी इस्त्री, सगळं धरा.

वाचतात ते दिवस. बाहेर पाठवलेल्या बोर्डातली चूक दहा दिवसांनी कळते, तेव्हा ती का केली हेही आठवत नसतं. घरच्या बोर्डातली चूक त्याच दुपारी समोर येते, हाताला इस्त्रीची ऊब असताना. पाहिजे तर पहिला बोर्ड घरी करा, त्यातल्या चुका शोधा आणि दुरुस्त केलेला लेआऊट बाहेर पाठवा. बारा दिवसांत हे दोन्ही बसतं.

पुढचं काम लहान आहे. ॲसिटोनने टोनर पुसला की खालून ट्रॅक चकाकत वर येतात. छिद्रं पाडायची : आयसी आणि रेझिस्टरला ०.८, जाड पायांच्या डायोड-कनेक्टरला १ मिलिमीटर. ग्लास इपॉक्सीची धूळ काचेची असते, मास्क लावा. सोल्डर करण्याआधी मल्टिमीटर ‘बीप’वर ठेवून शेजारशेजारचे ट्रॅक तपासा. बीप नको तिथे वाजली तर भिंग घेऊन बसा, केसाएवढा तांब्याचा पूल कुठेतरी सापडतोच. तांबं उघडं राहिलं तर काळवंडतं, म्हणून सोल्डरिंगची राळ आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवून एक पातळ हात मारून ठेवा. सोल्डरमध्ये बहुधा शिसं असतं, काम झालं की हात साबणाने धुतल्याशिवाय वडापावला लावू नका.

द्रावणाच्या बाटलीचं तेवढं राहिलं. तिच्यावर मोठ्या अक्षरांत ‘विष’ लिहा, तारीख टाका आणि घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवा. कोऱ्या चहाच्या रंगाचं ते पाणी कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून फ्रीजजवळ कधीच ठेवायचं नाही. उन्हातही नको. गच्चीवरच्या जिन्याखाली, लहान मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी, झाकण घट्ट लावून. पुढच्या बोर्डाला तेच वापरायचंय.